अनुदान कारखान्याला नको, घसरगुंडीखाली द्या

आपल्याकडं जुन्या टायरसाठी जोरात चालणारी सार्वजनिक योजना एकच आहे, रास्ता रोको. ऊसदराचं आंदोलन असू दे, पाण्याचं असू दे, नाहीतर कुणाच्या तरी स्टेटसवरनं पेटलेला राडा असू दे, चौकात टायर पेटला की आंदोलन सुरू झालं असं समजायचं आणि फोटोत काळा धूर दिसला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरची सोय झाली. शिमग्याला पोरं होळीत टायर ढकलतात, काही गुऱ्हाळांवर चिपाड ओलं निघालं की चुलवाणात टायरचे तुकडे जातात आणि मग तोच गूळ आपण गावाकडचा म्हणून पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना कौतुकानं बांधून देतो. उघड्यावर टायर जाळायचे नाहीत असं हरित लवादानं २०१४ सालीच सांगून झालंय. पण सांगितलं म्हणून टायर कमी होत नाहीत, ते कुठंतरी जाणारच.

तर विषय असा की बाहेरच्या काही देशांत जुन्या टायरच्या चुऱ्यापासून बनवलेला माल जी बाग, जी शाळा, जी नगरपालिका वापरेल तिला सरकार थेट पैसे देतं, तसं आपल्याकडं द्यावं का. माझं मत द्यावं असंच आहे, पण आपण एरवी कुठल्याही गोष्टीला ज्या पद्धतीनं सबसिडी वाटतो तसं नको. कारखाना काढणाऱ्याला द्यायची काही गरज नाही. जो माल वापरणार त्याला द्या, म्हणजे ग्रामपंचायतीला, अंगणवाडीला, शाळेला, आणि सगळे पैसे माल टाकल्याच्या दिवशी देऊ नका, दोन पावसाळे टिकू दे मग शेवटचा हप्ता सोडा.

आधी टायर आपल्याकडं जातो कुठं ते बघू. ट्रकचा टायर घासला की लगेच भंगारात जात नाही, तेवढे उधळे आपण कधीच नव्हतो. आधी तो रिमोल्ड होतो, म्हणजे घासलेल्या टायरवर नवं रबर चढवतात, एसटी महामंडळाची तर रिमोल्डची स्वतःची युनिटं आहेत. त्यानंतरही धड राहिला तर ऊस वाहायच्या टायरगाडीला लागतो, सीझनला कारखान्याच्या रस्त्यावर ज्या बैलगाड्या दिसतात त्यांच्या चाकांकडं जरा निरखून बघा. तिथनं उतरला की घमेली, जनावरांना पाणी पाजायच्या टोपल्या, चपलांचे सोल, मुरघासाच्या खड्ड्यावर ताडपत्री दाबायला वजन, असं काय काय होत जातं. ह्या सगळ्यात सरकारचा एक रुपया नाही. गंमत अशी की ही जुनी साखळी आता तुटत चाललीय, कारण पूर्वीचा नायलॉनचा टायर सुरीनं कापता यायचा आणि त्याची घमेली व्हायची, आताच्या रेडियल टायरात सगळी लोखंडी तार असती, ती हातानं कापायला गेलं तर सुरी जाती आणि बोटंही जातात. म्हणजे रेडियलनं डिझेल वाचलं, रस्त्यावर टायर जास्त चालला, हे बरोबर, पण मेल्यानंतर त्याचं करायचं काय हा प्रश्न मागं ठेवून गेला.

मिरजेकडं जाताना एका पंक्चरवाल्याच्या टपरीमागं टायरची उतरंड रचलेली असते, वरच्या टायरात पावसाचं पाणी आणि त्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या डोळ्यांनी दिसतात, डेंग्यूच्या सीझनला आरोग्यवाल्या ताई कंटेनर सर्व्हेला येतात, सगळे टायर उलटे करून जातात, पुढच्या आठवड्यात परत तेच. मी त्याला विचारलं हे शेवटी जातात कुठं, तर म्हणाला, "गाडी येती की, भरून नेती. कुठं नेती ते कोण इचारतंय, जागा मोकळी झाली म्हंजे झालं."

ती गाडी बऱ्याचदा पायरोलिसिसच्या कारखान्याकडं जाते. पायरोलिसिस म्हणजे बंद टाकीत हवा न लागू देता टायर तापवायचा, चारशे-पाचशे डिग्रीला त्याचं तेल, गॅस आणि काळी पूड होती, तार वेगळी निघती. तेल भट्ट्यांत जळायला जातं. नीट चालवलेला प्लांट असेल तर गोष्ट वेगळी, पण आपल्याकडं बरेच प्लांट एकेक घाणा काढून टाकी उघडायची ह्या पद्धतीचे, टाकी उघडली की कामगाराच्या नाकातोंडात कार्बन आणि आसपासच्या शेताच्या पानापानावर काळा थर. पालघरच्या वाडा तालुक्यात जानेवारी २०२५ मध्ये अशाच एका ठिकाणी स्फोट झाला आणि त्यात लहान मुलंही गेली. कागदावर मात्र हेसुद्धा रिसायकलिंगच असतं.

आता पैसा. जुलै २०२२ मध्ये केंद्रानं घातक कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती करून टायर कंपन्यांवर ईपीआर आणलं, म्हणजे तुम्ही जेवढे टायर बाजारात आणता त्या हिशोबानं जुन्या टायरच्या रिसायकलिंगची जबाबदारी तुमची. २०२२-२३ ला दोन वर्षांपूर्वीच्या उत्पादनाच्या ३५ टक्के, मग ७० टक्के, आणि २०२४-२५ पासून पूर्ण १०० टक्के. कंपनी स्वतः टायर गोळा करत बसत नाही, ती नोंदणी केलेल्या रिसायकलरकडनं सर्टिफिकेट विकत घेते, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर हा सगळा व्यवहार. तेल काढण्यासाठी परदेशातनं जुने टायर आणायला त्याच नियमांत बंदी घातली हेही चांगलं केलं. पण मुद्दा काय, तर रिसायकलरच्या हातात पैसा ऑलरेडी जातोय. टायर घेताना आपण जी किंमत मोजतो त्यातनंच तो शेवटी निघणार. आणि चुरा करणाराही रिसायकलर, तेल काढणाराही रिसायकलर. मग जो माल लवकर खपतो तिकडं धंदा वळणार, त्यात त्यांचं काही चुकत नाही. तेलाला गिऱ्हाईक कायम तयार आहे. चुऱ्यापासून केलेल्या रबरी टाइलला गिऱ्हाईक कोण? सांगली-सातारा पट्ट्यात स्वतःच्या खिशातनं असली टाइल घेणारे म्हणजे जिमवाले, एखादी इंग्लिश मीडियम शाळा, फार तर गोठ्यात मॅट टाकणारा मोठा दूधवाला.

म्हणून कारखान्याला आणखी सबसिडी दिली तर काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको. एमआयडीसीत शेड उभी राहणार, मशीन येणार, फीत कापायला साहेब येणार, सबसिडीचा शेवटचा हप्ता पडला की शेडला कुलूप. कुपवाडला काय आणि साताऱ्याला काय, गेटवर गवत वाढलेल्या शेड कमी नाहीत. माल खपला नाही की कारखाना चालत नाही एवढी साधी गोष्ट आहे, आणि ह्या मालाचं सगळ्यात मोठं संभाव्य गिऱ्हाईक सरकार स्वतः आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात नवा टायर घेतला की दर टायरमागं १.७५ डॉलर फी लागते, म्हणजे आपले दीडशेच्या आसपास. त्या फीचा मोठा वाटा जुन्या टायरच्या फंडात जातो आणि तिथनं शहरांना, काउंट्यांना, शाळांना ग्रँट मिळते, खेळाच्या जागेखालचं रबर, चालायचे ट्रॅक, रबर मिसळलेला डांबरी रस्ता अशा कामांना. अट अशी की माल त्याच राज्यातल्या जुन्या टायरचा पाहिजे. १९९० च्या सुमाराला त्या देशात जवळपास १०० कोटी जुने टायर ढिगात पडून होते, कॅनडात हेगर्सविल म्हणून गाव आहे तिथला ढीग १९९० च्या फेब्रुवारीत पेटला तो १७ दिवस विझत नव्हता, त्या भीतीनं सगळे हलले. आज ते ढीग जवळपास संपलेत. ग्रँटमुळंच संपले असं मी म्हणणार नाही, त्यातले भरपूर टायर सिमेंटच्या भट्ट्यांत जळण म्हणून गेले. पण चुऱ्याला बाजार उभा राहिला तो सरकारी खरेदीच्या जोरावर, हे कुणी नाकारत नाही.

त्याच देशानं एक आगाऊपणाही करून बघितला. १९९१ च्या एका कायद्यात म्हणलं की केंद्राच्या पैशातनं होणाऱ्या डांबरी रस्त्यांत टायरचा चुरा वापरायचाच, १९९४ ला ५ टक्के कामांत आणि वाढवत वाढवत १९९७ ला २० टक्के कामांत. राज्यं भडकली, ठेकेदार भडकले, कुणाकडं मशीन नाही, कुणाला मिक्स जमत नाही, आणि १९९५ मध्ये ती सक्ती गुंडाळावी लागली. वरनं दांडका हाणून माल खपत नसतो. आपल्याकडं २०१५ ला शहरांलगतच्या रस्त्यांत प्लास्टिक वापरायचा आदेश निघाला होता, तो तुमच्या गावच्या रस्त्याला किती पोचला ते तुम्हीच बघा.

रस्त्यावरनं आठवलं. टायरचा विषय काढला की आपल्याकडचे सगळे साहेब लोक लगेच रस्त्यावर येतात, सीआरएमबी वापरा म्हणतात, म्हणजे चुरा मिसळलेलं डांबर. चांगलीच गोष्ट आहे, उन्हात रस्ता कमी वितळतो, चाकोऱ्या कमी पडतात, भेगा उशिरा जातात. पण टायर जिरवायचे हा हेतू असेल तर जरा हिशोब करू. गावचा रस्ता पावणेचार मीटर रुंद, वरचा थर २५ मिलिमीटर, लांबी एक किलोमीटर. माल लागला साधारण २१५ टन, त्यात पाच टक्के डांबर म्हणजे पावणेअकरा टन, आणि डांबरात दहा टक्के चुरा धरला तर एक टनाच्या थोडं वर. ट्रकच्या एका टायरातनं तार आणि धागा काढून तीसेक किलो चुरा मिळतो असं धरा. म्हणजे एक किलोमीटर रस्त्यात पस्तीसेक टायर गेले.

आता दहा मीटर बाय दहा मीटरची एक खेळायची जागा घ्या, म्हणजे एक गुंठासुद्धा नाही बरोबर, गुंठ्याला एखादा चौरस मीटर कमी. त्यावर ४० मिलिमीटर जाडीची रबरी टाइल टाकली तर सव्वातीन टनांच्या आसपास चुरा लागतो. शंभरेक टायर. एका शाळेच्या कोपऱ्यात गावच्या तीन किलोमीटर रस्त्याएवढे टायर जिरतात, आणि इथं प्लांटचं टेंपरेचर बघा, चुरा टाकीच्या तळाला बसतोय का बघा, डांबरवाल्यानं खरंच चुरा घातलाय का हे तपासायला लॅबला सॅम्पल पाठवा, असली भानगड नाही. रस्त्यात काय घातलं ते कुणाला दिसत नाही. टाइल दिसती, मोजता येती, हेडमास्तर पट्टी लावून जाडी बघू शकतात.

आणि गरज कुठं आहे ते बघायला लांब जायला नको. कुठल्याही नगरपालिकेच्या बागेत जावा, नवी कोरी रंगीत घसरगुंडी, झोपाळा, माकडउडीच्या शिड्या, आणि खाली काय, तर पेव्हर ब्लॉक. नाहीतर कोबा. पाचसहा फुटांवरनं पोरगं डोक्यावर पडलं तर खाली सिमेंट. आमच्या भागातल्या एका बागेत तर घसरगुंडी जिथं संपते बरोबर तिथंच ब्लॉक खचून कोर वर आलेली आहे, रोज संध्याकाळी एक तरी आजी तिथं हात धरून उभी असती, नातवंड खाली आलं की झेलायला. खेळणी बसवली कुठल्यातरी फंडातनं, ब्लॉक टाकले दुसऱ्या फंडातनं, ह्या दोन फायलींची आयुष्यात कधी गाठ पडलेली नाही.

पेव्हर ब्लॉकच का? लोकांना वाटतं सगळं टक्केवारीमुळं. ते आहेच, आणि ब्लॉकची फॅक्टरी कुणाच्यातरी भाच्याची असती हेही आहे. पण मी काही वर्षं छोटी सरकारी कामं केलीत म्हणून सांगतो, त्यापेक्षा साधं कारण म्हणजे ब्लॉकचा दर दरसूचीत, म्हणजे सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीत आहे. ज्युनिअर इंजिनिअर एस्टिमेट करायला बसला की दरसूची उघडतो, जो आयटम आहे त्याचा आकडा उचलतो, गुणाकार करतो आणि फाइल पुढं सरकते. जो आयटम नाही त्यासाठी कोटेशनं मागवा, रेट अॅनॅलिसिस करा, वरच्या ऑफिसची मंजुरी आणा, ऑडिटमध्ये कुणी विचारलं की हा दर कुठनं आणला तर उत्तर द्या. कोण कशाला करेल? त्यामुळं अनुदानाच्या आधीचं काम हे आहे की रबरी टाइल, खालचा थर, चिकटवायचा माल, कडेची पट्टी हे सगळं नीट जाडी आणि दर्जा लिहून दरसूचीत घालणं. ह्याला फारसा पैसा लागत नाही. एका ऑफिसातल्या चार माणसांनी महिनाभर बसायचं काम आहे.

नवी योजना, नवं नाव, नवा लोगो ह्याचीही गरज नाही. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनेचं हेड असतंच, आमदाराला वर्षाला ५ कोटी, खासदाराला ५ कोटी आहेतच, माझी वसुंधरा अभियान २०२० पासून चालू आहे आणि त्यात मार्कांसाठी गावं काय काय करतात ते आपण बघतोच. अनुदान म्हणजे एवढंच करा की साधा ब्लॉक आणि रबरी टाइल ह्यांच्यातला जो दराचा फरक आहे तो वरनं द्या. ब्लॉकचे पैसे गाव एरवी घालतच होतं, ते घालेल. फरक मिळाला की हेडमास्तर, सरपंच, इंजिनिअर तिघांचीही टाइलला ना नसणार.

एक गोष्ट मात्र आधीच बजावून ठेवतो, जिथं माती आहे तिथं माती राहू द्या. अनुदान आलं म्हणून झेडपी शाळेचं चांगलं तांबड्या मातीचं मैदान रबरानं मढवायचा उद्योग कुणी केला तर गावानं त्याला पळवून लावावं. मातीसारखी खेळायची जागा नाही, कुस्तीच्या ह्या मुलखात हे सांगायची वेळ येऊ नये. रबर फक्त तिथं टाकायचं जिथं आधीच सिमेंट ओतून घाण करून ठेवलीय. ही अट अनुदानाच्या पहिल्या ओळीत पाहिजे.

दुसरी जागा भरतीच्या पोरापोरींची. पहाटे पाचला साताऱ्याच्या बाहेर कुठल्याही रस्त्याला बघा, पोलीस भरती नाहीतर आर्मीच्या भरतीसाठी पोरं पळत असतात, पोलीसला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर असतं, आणि तयारी सगळी डांबरावर, बाजूनं ट्रॅक्टर-ट्रॉली, उसाचे ट्रक, हेडलाइट डोळ्यांवर. नडगी दुखते, गुडघा दुखतो, आणि एखाद्या दिवशी गाडीनं उडवलं की पेपरात सिंगल कॉलम बातमी. हा तोच जिल्हा आहे जिथल्या अपशिंग्याला आपण अभिमानानं मिलिटरी म्हणतो आणि जिथल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिम्पिकच्या स्टीपलचेस फायनलला पळाली. सिंथेटिक ट्रॅक म्हणून जो भारी प्रकार असतो त्याच्या अनेक नमुन्यांत खालचा थर टायरच्या चुऱ्याचाच असतो, वरचा लाल थर महागडा. प्रत्येक तालुक्याला ऑलिम्पिकचा ट्रॅक नकोय. दोन माणसं शेजारी शेजारी पळतील एवढी रुंद, चुरा घट्ट बसवलेली चारशे मीटरची पट्टी दिली तरी पहाटेच्या वेळी रस्ता मोकळा होईल.

आता विरोधातली बाजू, कारण ती खोटी नाही. टायर म्हणजे काही तुळशीची माती नव्हे. त्यात झिंक असतं, तेलातनं आलेली पीएएच नावाची रसायनं असतात, त्यातली काही कॅन्सरशी जोडलेली. २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी शोधून काढलं की टायर टिकावा म्हणून घालतात त्या ६पीपीडी रसायनाचा हवेत ओझोनशी संयोग होऊन जे तयार होतं ते पावसाच्या पाण्यातनं ओढ्यात जातं आणि कोहो सॅमन जातीचे मासे त्यानं मरतात. युरोपनं ऑगस्ट २०२२ पासून मैदानात टाकायच्या सुट्या दाण्यांत ठरावीक पीएएचना किलोला २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, आणि २०२३ मध्ये असे सुटे दाणे विकायलाच आठ वर्षांच्या मुदतीनं बंदी ठरवली, म्हणजे २०३१ ला ते तिथं बंद.

ह्यात खरा शब्द सुटे हा आहे. सध्या सांगली-साताऱ्यात बॉक्स क्रिकेटचे टर्फ किती झालेत बघा, रात्री बारापर्यंत फ्लडलाइट. काही टर्फवर हिरव्या प्लास्टिक गवतात काळे दाणे टाकलेले असतात, मॅच खेळून पोरगं घरी आलं की बुटातनं, मोज्यातनं, गाडीच्या डिकीतनं ते दाणे निघतात, आई झाडून गटारात लोटते, गटार ओढ्याला, ओढा कृष्णेला. असल्या सुट्या दाण्यांना एक पैसाही अनुदान नको, हे मी स्पष्टच म्हणतो. टाइलमध्ये किंवा ओतलेल्या थरात चुरा चिकटवलेला असतो, त्यातनंही झीज होते पण त्या मानानं बरीच कमी. आणि प्रत्येक लॉटचा मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट मागायचा, पीएएच किती, शिसं किती. परदेशात जी मर्यादा आहे ती इथल्या पोरांना पण लागू करा, इथल्या पोरांची कातडी काही वेगळी नाही.

सांगलीला तर आणखी एक गोष्ट बघावीच लागेल, पूर. आयर्विन पुलाला ४५ फूट ही धोक्याची पातळी, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं आणि दिवसेंदिवस शहरात उभं राहिलं, २०२१ ला परत आलं. अशा पाण्यात चिकटवलेली टाइलसुद्धा खालनं फुगून उचलून येते, आणि एकदा सुटली की खालच्या कुठल्या गावच्या बंधाऱ्याला जाऊन अडकेल देव जाणे. त्यामुळं पूररेषेच्या आत रबर नको, मग ती बाग कितीही मोठ्या साहेबांच्या वॉर्डात असू दे. नदीकाठी वाळू टाका, माती टाका, ती नदीचीच आहे.

उन्हाचंही तसंच. एप्रिलमध्ये चाळीस डिग्रीला काळं रबर अनवाणी पोराला चटके देतं, ह्यावर उपाय म्हणजे झाड नाहीतर शेड, आणि शेड नसेल तर अनुदान नाही असं सरळ लिहायचं. काही लोक म्हणतील ह्यानं खर्च वाढला. वाढू दे, नाहीतरी त्या घसरगुंडीच्या पत्र्यावर दुपारी भाकरी भाजून निघते, शेड तिलाही लागणारच होती.

टिकण्याचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शाळेपुढचे ते पिवळे-काळे रबरी स्पीडब्रेकर आठवा. बसवले त्या दिवशी फोटो, पहिल्या पावसाळ्यात निम्मे तुकडे गायब, आणि रस्त्यात राहिलेत ते नुसते खिळे, वर आलेले, टू व्हीलरचा टायर फाडायला. टायरपासून केलेल्या ब्रेकरनं नवा टायर फाटतो, ह्याला रिसायकलिंग म्हणायचं असेल तर म्हणा. रबर वाईट नव्हतं, बसवणारा खिळे ठोकून गेला आणि परत आलाच नाही. म्हणून शेवटचा हप्ता दोन पावसाळ्यांनंतर. ठेकेदार लोक म्हणतील आधीच सरकारी बिलं थकलीत, आमच्यातले काहीजण कर्जात बुडालेत, त्यात आणखी अडकवता, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण टेंडरमध्ये सुरक्षा अनामत असतेच, दोष दायित्वाचा कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदारानंच दुरुस्त करून द्यायची मुदत, असतोच, तो फक्त कागदावर न राहता खरा करायचा, आणि बाकीचं बिल महिन्यात द्यायचं. कॅलिफोर्नियासारखं आधी तुम्ही खर्च करा मग आम्ही परत देतो हे आपल्याकडं चालणार नाही, ग्रामपंचायतीच्या खात्यात आधी घालायला आहेच काय, पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के तर पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिलेला होता.

आणखी एक. अनुदान किती टायर वापरले ह्याच्यावर देऊ नका. तसं केलं की जो टायर अजून एकदा रिमोल्ड झाला असता, टायरगाडीला दोन सीझन चालला असता तोही चुऱ्यात जाणार, कारण आकडा वाढतो. आणि स्वच्छ सर्वेक्षणाच्या आधी टायरला गुलाबी-निळा रंग मारून त्यात शेवंती लावायची, सेल्फी पॉइंट करायचा, ह्याला तर कुठल्याच हिशोबात धरू नका. एका नगरपालिकेत मी बघितलंय, आरोग्य विभाग घरोघरी जाऊन टायर उलटे करतोय आणि बागेत त्याच पालिकेनं रांगेत मांडलेल्या रंगीत टायरांत पाणी साचलंय. सर्वेक्षणाची टीम गेली, शेवंती वाळली, डास राहिले.

मार्चएंडला हे सगळं घाईनं ढकलायचं नसेल तर पहिल्या वर्षी फक्त अंगणवाड्या घ्या. पूररेषेबाहेरच्या, आणि ज्यांच्या अंगणात कोबा नाहीतर ब्लॉक आहे अशाच. त्यांची यादी करायला नवा सर्व्हे लागत नाही, एजन्सी नेमायला लागत नाही. कोबा कुणी केला, कुठल्या फंडातनं केला आणि किती चौरस मीटर केला, त्याची मोजमाप पुस्तकं जिल्हा परिषदेच्या कपाटात पडलेली आहेत.